अंदाज, पण कशाच्या मानाने?

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूर या पट्ट्यातल्या पवनचक्क्या बहुतेकांनी रस्त्यावरून जाताना पाहिलेल्या असतात. त्या उद्या किती वीज देतील हे आदल्या दिवशी कुणीतरी लिहून द्यायचं असतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ते लिहून देणाऱ्यांतली मी एक. धुळ्यात बसून दिवसाचे ९६ आकडे भरायचे. पंधरा मिनिटांचा एक ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकला किती मेगावॉट, तो आकडा. हे शेड्यूल ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जातं, म्हणजे राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्यांकडे. दिवस सुरू झाल्यावर ते बदलता येतं, पण दर दीड तासाला एकदा, म्हणजे फार तर सोळा वेळा.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१८च्या नियमांनी हे बंधन आलं. त्या नियमांनुसार अंदाज आणि प्रत्यक्ष यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक पडला तर माफ, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या, पहिल्या पायरीला युनिटमागे ५० पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वाऱ्याचा वेग आणि वीज यांचं नातं घनाचं आहे. वारा सेकंदाला ८ मीटरवरून १० मीटरवर गेला की वीज जवळपास दुप्पट होते. वेगात थोडं चुकलं की मेगावॉटमध्ये मोठं भगदाड पडतं. म्हणून या धंद्यात मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाने शिकणं, आलं, आणि म्हणून मी एका विकीपर्यंत पोहोचले.

क्लायमेट चेंज एआय नावाचा संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. २०१९ मध्ये बावीस जणांनी मिळून हवामानबदलाच्या प्रश्नांत मशीन लर्निंग कुठे कामाला येईल याचा लांबलचक आढावा लिहिला होता. वीज, वाहतूक, इमारती, उद्योग, शेती आणि जंगलं असे त्यात तेरा विभाग. त्या आढाव्यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे लेखकांनी उपायांवर शिक्के मारले होते: इथे मशीन लर्निंग विशेष कामाचं, हा दूरच्या पल्ल्याचा, याचा परिणाम अनिश्चित. आपल्याच विषयाबद्दल ‘अनिश्चित’ असं छापून मोकळं होणारे लोक कमी भेटतात. याच गटाचं एक विकी आहे, साधारण त्याच विभागांनुसार लावलेलं. खातं काढून कुणीही माणूस भर घालू शकतो. मी वीज विभागाचं पान उघडलं ते शोधायला काहीतरी वेगळंच, आणि मग त्यातच रमले.

आधी बराच काळ नुसतं वाचलं. पानाचा इतिहास उघडून कुणी काय घातलं, कुणी काय काढलं, काढताना काय कारण दिलं, हे पाहत बसायचे. नव्या माणसाला विकीची रीत कळायची असेल तर नियमांच्या पानापेक्षा हा इतिहास जास्त शिकवतो. मग बारीकसारीक कामं: मेलेले दुवे बदलणं, एकाच विदासंचाची (डेटासेटची) दोनदा झालेली नोंद एक करणं. अशा कामाचं कौतुक होत नाही, पण त्यामुळे बाकीच्यांना आपलं नाव ओळखीचं होतं आणि पुढची मोठी भर ते शांतपणे वाचतात.

पहिली खरी चर्चा झाली ती पवनऊर्जेच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून. डीपमाइंड आणि गुगल यांनी २०१९च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की अमेरिकेच्या मध्य भागातल्या ७०० मेगावॉट पवनऊर्जेवर त्यांनी न्यूरल नेटवर्क चालवलं, ३६ तास आधी अंदाज दिला आणि त्या विजेचं मूल्य सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. हे वाक्य जगभर फिरलं. चर्चेत एका सहलेखकाने ते जसंच्या तसं घालायचं सुचवलं. मी मूळ निवेदन पुन्हा वाचलं. ते २० टक्के होते ग्रिडला वेळेची काहीच बांधिलकी न देण्याच्या मानाने. म्हणजे तुलना आधीच्या चांगल्या अंदाजाशी नव्हती, अंदाजच दिला नसता तर काय, याच्याशी होती. निवेदनात हे लपवलेलं नाही, सरळ लिहिलं आहे. फिरता फिरता ते अर्ध वाक्य गळून गेलं, एवढंच. आमच्याकडे साक्रीत शेड्यूल देणं सक्तीचं असल्यामुळे ‘अंदाजच नाही’ ही स्थिती मुळात अस्तित्वात नाही. इथल्या माणसाने तो आकडा वाचून कंपनीला २० टक्क्यांचं स्वप्न दाखवलं तर तोंडघशी पडेल.

मी ते गळलेलं अर्ध वाक्य परत घालून मसुदा मांडला. सहलेखकाने उत्तर दिलं की वाक्य आता बोजड झालं. झालंच होतं. थोडी घासाघीस करून ते सुटसुटीत झालं, तुलना मात्र आत राहिली.

इथून पुढे माझं या विकीवरचं काम एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं: हा आकडा कशाच्या मानाने? अंदाजाच्या क्षेत्रात सगळ्यांत सोपा स्पर्धक म्हणजे ‘जैसे थे’. आत्ता ४० मेगावॉट येतायत, तर पुढच्या ब्लॉकलाही ४० लिहा. यात कसलीही बुद्धिमत्ता नाही, कृत्रिम नाही की नैसर्गिक नाही. पण पुढच्या पंधरा मिनिटांसाठी, कधी तासाभरासाठीही, याला हरवणं भल्याभल्या मॉडेलांना जड जातं. पाच-सहा तासांपुढे मात्र ‘जैसे थे’ पार कोसळतं आणि हवामानशास्त्राचं मॉडेल हाताशी लागतंच. म्हणून एखाद्या संशोधन निबंधात ‘अंदाजातली चूक इतकी घटली’ असं असेल तर किती वेळ आधीचा अंदाज आणि कुणापेक्षा घटली, हे दोन्ही सांगितल्याशिवाय पानावर त्याची नोंद करू नये, असा प्रस्ताव मी चर्चेत ठेवला. एकाने विचारलं की मग अर्ध्या नोंदी काढाव्या लागतील का. मी म्हटलं, काढू नका, त्यांच्यापुढे तुलना लिहू. आम्ही काही जणांनी त्या वाटून घेतल्या. एकेक निबंध उघडायचा, तक्त्यात ‘जैसे थे’ची ओळ आहे का बघायचं. काहींत ती होती आणि मॉडेल थोड्याच फरकाने पुढे होतं. काहींत ती ओळच नव्हती, आणि मग नोंदीत तसं लिहिलं.

टक्क्यांच्या छेदाचा भाग समजावायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. आमचा वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर. थंडीत चक्क्या निवांत असतात. समजा, १०० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी डिसेंबरात मी ४ मेगावॉट लिहिले आणि आले ८. अंदाज दुपटीने चुकला. पण नियमानुसार चूक काढताना भागायचं उपलब्ध क्षमतेने, म्हणजे १००ने. चूक ४ टक्के, दंड शून्य. जुलैत ६० लिहिले आणि ८० आले, तर चूक २० टक्के आणि दंड चालू. म्हणजे थंडीतल्या महिन्यांत कुणीही हुशार दिसतो. संशोधन निबंधांतही चूक बहुधा क्षमतेच्या टक्क्यांत देतात, आणि वर्षभराची सरासरी काढली की थंडीची आळशी हवा आकडा छान खाली ओढते. नियमात हा छेद ठेवण्यामागे कारण आहे. ग्रिडला त्रास होतो तो मेगावॉटच्या फरकाचा, कुणाच्या हुशारीचा नाही. पण मॉडेलाची पारख करायची तर हंगाम वेगळा काढून बघायला हवा. हे मी पानावर चार ओळींत लिहिलं. त्या चार ओळींसाठी चर्चापानावर किती लिहावं लागलं ते विचारू नका. जिथे वर्षभर बऱ्यापैकी वारा असतो तिथल्या लोकांना मान्सूनचा वारा ही चीजच डोळ्यांपुढे येत नव्हती. शेवटी महिन्यांनुसार एक काल्पनिक उदाहरण करून दाखवलं, तेव्हा विषय मिटला.

सगळ्यांत अवघड गेली ती शून्यांची नोंद.

आमच्याकडे स्काडातून, म्हणजे चक्क्यांवर दुरून नजर ठेवणाऱ्या यंत्रणेतून, दर काही मिनिटांनी वाऱ्याचा वेग आणि वीज येते. जुन्या नोंदींवर मॉडेल शिकतं. त्या नोंदींत अशा ओळी असतात: वारा सेकंदाला १२ मीटर, वीज शून्य. मॉडेलाला वाटतं, अशा वाऱ्यात चक्क्या बंद असतात तर! खरं कारण असतं फीडर, म्हणजे वीज वाहून नेणारी लाइन, ट्रिप झालेला, देखभाल चाललेली, किंवा वरून उत्पादन कमी करायचा निरोप आलेला. आकड्यांच्या फायलीत हे कारण कुठेच नसतं. ते असतं साइटवरच्या वहीत, आणि वहीत नसेल तर बापूंच्या डोक्यात.

बापू छडवेलकडचे. चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून देखभालीत आहेत, मनोऱ्यावर चढायचं आता सोडलंय, पण साइट त्यांच्याशिवाय हलत नाही. मी एका जोराच्या वाऱ्याच्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते, छापलेला तक्ता घेऊन. त्यांनी चष्मा लावून शून्यांच्या ओळींवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, वारा तं जोरना शे. पन लाईन गयी, मंग पंखा काय करतीन? तुमना कॉम्प्युटरले काय माहित, वारा पडना का लाईन गयी!” मग तारखा बघत बघत त्यांनी एकेक कारण सांगितलं. इथे तार तुटली होती, इथे गिअरबॉक्सचं तेल बदलत होतो, इथे वीज उचलायला वरूनच नाही म्हणाले. मी पेन्सिलने समोर लिहीत गेले. अर्धी पठारं हिरवी आणि वारा असा की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. (ज्या गावाच्या डोक्यावर एवढी वीज तयार होते तिथल्या शेतकऱ्याला मोटार लावायला पाळीने रात्री उठावं लागतं, हेही बापूंनी त्याच दमात ऐकवलं. तो विषय विकीत बसत नव्हता, इथे बसतोय म्हणून लिहिते.)

हे सगळं घेऊन मी विकीवर आले आणि भिंत लागली. बापूंच्या डोक्यातली माहिती ही विकीच्या दृष्टीने संदर्भ नाही. माझा अनुभवही नाही. चर्चेत मला अगदी सभ्य भाषेत विचारलं गेलं: हे कुठे प्रसिद्ध झालंय का? पहिल्यांदा राग आला. साइटवर उभं राहून पाहिलेलं खोटं, आणि एसीत बसून छापलेलं खरं, असं का? दोन दिवस पान उघडलंच नाही. मग कामाच्या सवयीने वाटलं, मी तरी दुसऱ्या साइटवाल्याच्या तोंडी माहितीवर माझं शेड्यूल बदलते का? पडताळा बघितल्याशिवाय नाही बदलत.

तेव्हा छापील आधार शोधायला बसले आणि तो अगदी अनपेक्षित जागी मिळाला. चिनी कंपनी बायडूने २०२२च्या केडीडी कप या विदाविज्ञानाच्या स्पर्धेसाठी पवनऊर्जेचा एक खुला विदासंच दिला होता. एका पवनक्षेत्रातल्या १३४ चक्क्या, दर दहा मिनिटांची नोंद, २४५ दिवस. त्याच्या सोबतच्या टिपणात सरळ नियमच दिला आहे: वाऱ्याचा वेग सेकंदाला २.५ मीटरपेक्षा जास्त आणि वीज शून्य किंवा त्याखाली असेल, तर ती नोंद अज्ञात धरावी आणि मॉडेलाची परीक्षा घेताना मोजू नये. पाती ८९ अंशांपेक्षा जास्त वळवून ठेवलेली असतील तरी तसंच, कारण तेव्हा चक्की मुद्दाम थांबवलेली असते. चीनमधल्या कुठल्यातरी बापूने कुणाला तरी हे सांगितलं असणार, त्याशिवाय असा नियम खोलीत बसून सुचत नाही.

त्या आधारावर पानाच्या विदा विभागात परिच्छेद बसला. त्यात एक वाक्य मी आग्रहाने ठेवलं: नोंद गाळायची की अज्ञात म्हणून ठेवायची हे कामावर अवलंबून आहे. वाऱ्याची क्षमता शिकायची असेल तर गाळा. पण ग्रिडला प्रत्यक्ष किती वीज मिळेल हे सांगायचं असेल तर लाइन जाणं हाही वास्तवाचाच भाग आहे, त्याचा वेगळा हिशेब ठेवायला हवा. यावर कुणी हरकत घेतली नाही.

मधल्या काळात हवामानाच्या नव्या एआय मॉडेलांचा बोलबाला झाला आणि पानावर त्यांची गर्दी सुरू झाली. डीपमाइंडचं ग्राफकास्ट २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं, हुआवेचं पांगू-वेदर त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. ग्राफकास्ट दहा दिवसांचा जागतिक अंदाज देतं एका मिनिटाच्या आत, एका यंत्रावर. मला हे खरोखर थोर वाटतं. आधी यासाठी महासंगणक लागायचा. पण एका नवख्या लेखकाने ‘पवनऊर्जेच्या वेळापत्रकासाठी थेट उपयुक्त’ असं लिहिलं तेव्हा मी थांबले. ग्राफकास्ट सहा तासांच्या पावलांनी चालतं. माझे ब्लॉक पंधरा मिनिटांचे. त्याच्या एका पावलात माझे चोवीस ब्लॉक येतात. त्याची जाळी पाव अंशाची, म्हणजे आमच्याकडे साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. तेवढ्या चौकोनात अख्खं पठार, दऱ्या आणि खालचा सपाट भाग एकत्र मिसळून जातो, आणि आमच्याकडे दरीच्या काठावरची चक्की आणि आतली चक्की यांचा वारा कधी सारखा नसतो. ही मॉडेलं बहुतेक ज्या ईआरए५ नोंदींवर (जगाच्या जुन्या हवामानाच्या जुळवलेल्या नोंदींवर) शिकली आहेत त्यांचीही तीच गत, जाळी ३१ किलोमीटरच्या आसपास.

याचा अर्थ ती निरुपयोगी नाहीत. उद्या वारा चढणार की पडणार ही दिशा त्यांच्याकडून घ्यायची आणि साइटवरच्या नोंदींवर शिकलेलं छोटं मॉडेल त्यावर बसवायचं, असं काम बरेच जण करतात. मी ‘थेट’ काढून तेवढं लिहिलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं भारत फोरकास्ट सिस्टम मे २०२५ मध्ये देशाला मिळालं, त्याची जाळी ६ किलोमीटरची. ते एआय मॉडेल नाही, भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणारं आहे. तरी मी त्याचा उल्लेख केला, कारण इथे बसून अंदाज करणाऱ्याला ते कामाचं आहे आणि विकी फक्त एआयच्या भक्तांसाठी नाही.

एआयच्या स्वतःच्या वीजखर्चाबद्दल या पानावर लिहावं का, यावर चर्चा तापली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज घेतली, जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती ९४५च्या घरात जाईल असा अंदाज आहे. माझं मत होतं, लिहा, पण त्यात सगळी डेटा सेंटरं येतात, एकटं एआय नव्हे, हेही लिहा. आणि चक्क्यांचा अंदाज करणारं माझं मॉडेल ऑफिसच्या साध्या संगणकावर चालतं. ते आणि महाकाय भाषा मॉडेल एकाच आकड्याखाली मोजणं दोन्ही बाजूंनी फसवं. हा भाग मग वेगळ्या पानावर गेला. तिथे माझा हात नाही.

विदासंचांची यादी करताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते. फ्रान्सच्या एका पवनक्षेत्राच्या खुल्या नोंदी आहेत, इंग्लंडच्या आहेत, चीनच्या आहेत. भारतातल्या चक्क्यांच्या रकान्यात मला टाकण्यासारखं काही सापडलं नाही. मान्सूनचा वारा, ट्रिप होणारे फीडर, उन्हाळ्यातली ४४-४५ अंशांची हवा, यातलं काही युरोपच्या नोंदीत नाही, आणि मॉडेलं मात्र इथे आणून बसवायची. म्हणून आमच्या कंपनीकडे मागणी केली की गावाचं नाव, चक्कीची बनावट, सगळं काढून एका जुन्या हंगामाच्या नोंदी खुल्या करा. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, विधी विभागाकडे पाठवलं. तिकडून उत्तर आलं की यातून आमचा तोटा काय होईल ते आधी लेखी सांगा. तोटा काय होईल हे मला कसं माहीत असणार, तरी एक टिपण लिहून दिलं. ते कुठल्या टेबलावर आहे माहीत नाही.

तोवर चर्चापानावर एक धागा उघडला आहे: भारतातल्या साइटने नोंदी दिल्याच तर कोणते रकाने असावेत. वेळ, वाऱ्याचा वेग, वीज हे सगळ्यांना सुचतं. मी चौथा घातला: बंद असेल तर का. फीडर, देखभाल, वरून निरोप, किंवा माहीत नाही. तमिळनाडूकडच्या एका लेखकाने पाचवा सुचवलाय, धुळीचा, कारण पात्यांवर धूळ बसली की वीज घसरते. बापूंना विचारलं तर त्यांचं म्हणणं, धूळ पहिल्या पावसात धुऊन निघते, त्याचा रकाना कशाला, त्यापेक्षा वीज पडलेल्या पात्याचा ठेवा. मी तिन्ही मांडले आहेत. पुढच्या आठवड्यात त्यावर मतं घ्यायची आहेत.